आजी, नातवंडं आणि लंडन: पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी टप्प्याटप्प्याने

मे महिन्यात आम्ही पाच जण आठ रात्रींसाठी लंडनला गेलो होतो. मी, नवरा, एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, बारा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. निघताना माझ्याकडे एक लांबलचक यादी होती आणि रोज पाच-पाच ठिकाणं ठरलेली होती. तिसऱ्या संध्याकाळी थेम्सच्या काठावरच्या बाकावर बसून सासूबाई म्हणाल्या, "मी उद्या खोलीवरच थांबते गं. तुम्ही जाऊन या." धाकटी तेव्हा बाबांच्या खांद्यावर झोपली होती. त्या रात्री मी यादी बाजूला ठेवली आणि उरलेले दिवस नव्याने आखले. पुढचे पाच दिवस पाचही जण रोज सोबत होतो.

पहिल्या तीन दिवसांत जे चुकलं आणि नंतरच्या पाच दिवसांत जे जमलं, ते सगळं इथे क्रमाने लिहिलं आहे. तिकिटांचे दर मुद्दाम दिलेले नाहीत. ते दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या-त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत.

१. आधी पाय मोजा, मग ठिकाणं

घरातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा माणूस दिवसाला किती चालतो, यावर सहल आखा. आमच्यासाठी सूत्र ठरलं ते असं: सकाळी एक मोठं ठिकाण, दुपारी त्याच भागात एखादं फुकट आणि मोकळं ठिकाण, संध्याकाळी काहीच ठरवायचं नाही. एका दिवसात शहराचा एकच भाग. नकाशावर टॉवर ऑफ लंडन आणि बकिंगहॅम राजवाडा जवळ दिसतात, पण मध्ये स्टेशनांतले जिने, बदलायच्या गाड्या आणि गर्दी असते.

आपल्या शाळांना एप्रिल-मेमध्ये सुट्टी असते, म्हणून मे सोयीचा. उजेडही रात्री साडेआठपर्यंत असतो. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांनाही सुट्टी असते आणि मुलांच्या प्रत्येक जागी झुंबड उडते, तेवढा आठवडा टाळा. डिसेंबरमध्ये रोषणाई सुंदर असते, मात्र दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो आणि नाताळच्या दिवशी मेट्रो-बस पूर्ण बंद असतात.

२. व्हिसा: शेंगेनचा चालत नाही

"युरोपचा व्हिसा आहे आमच्याकडे" असं म्हणणारे दोन तरी ओळखीचे मला भेटले. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून असलेला एकच व्हिसा) लंडनला जाता येत नाही आणि ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही. दोन्ही शहरं एकाच सहलीत करायची असतील तर दोन्ही व्हिसे हवेत.

ब्रिटनचा पर्यटक व्हिसा साधारणपणे सहा महिन्यांचा असतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, फी भरायची आणि मग व्हिसा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळी सुट्टीसाठी जाणार असाल तर ही मुदत सुरू होताच अर्ज करा. तान्ह्या बाळासह प्रत्येकाचा अर्ज वेगळा.

आम्ही जमवलेली कागदपत्रं:

- चालू पासपोर्ट आणि जुने पासपोर्ट असतील तर तेही
- मागच्या सहा महिन्यांचं बँकेचं विवरण
- मागच्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं
- नोकरीच्या ठिकाणचं पत्र, त्यात पगार आणि मंजूर रजेच्या तारखा (व्यवसाय असेल तर नोंदणीची कागदपत्रं)
- मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचं पत्र
- सासूबाईंचं पेन्शनचं पासबुक आणि प्रवासाचा खर्च मुलगा करणार आहे असं त्याचं सहीचं पत्र
- राहण्याची जागा आणि दिवसवार कार्यक्रम
- मुलांबरोबर आई-वडिलांपैकी एकच जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र

आता खाचखळगे. पहिला कागदांच्या भाषेचा. मुलाचा जन्मदाखला फक्त मराठीत आहे, हे मला व्हिसा केंद्रात जायच्या दोन दिवस आधी लक्षात आलं. मराठी कागद तसाच चालत नाही. त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो. सातबारा उतारा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला जोडणार असाल तर त्यालाही हेच लागू.

दुसरा पैशांचा. अर्जाच्या आठवडाभर आधी कोणाकडून तरी मोठी रक्कम खात्यात आणून ठेवू नका. ती कुठून आली हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर कागदावर नसेल तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मुदत ठेव मोडली असेल, घर विकलं असेल, तर त्याचा कागद सोबत जोडा.

तिसरा विमानाच्या तिकिटाचा. व्हिसा मिळण्याआधी परत न मिळणाऱ्या पैशांचं तिकीट काढू नका. अर्जासाठी पक्कं तिकीट लागत नाही.

चौथा मुलांचा. मुलांच्या व्हिसात सोबत येणाऱ्या मोठ्या माणसांची नोंद असते. आजीबरोबर नातू आधी जाणार, आई-बाबा चार दिवसांनी, असा बेत असेल तर अर्जातच आजीचं नाव द्या.

३. राहायला कुठे

अगदी मध्यभागीच राहायला हवं असं नाही. लंडनची वाहतूक वर्तुळाकार झोनमध्ये विभागलेली आहे. दुसऱ्या झोनमध्ये मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवरची जागा आम्हाला मध्यभागातल्या कोंदट खोलीपेक्षा कितीतरी बरी पडली. बुकिंगआधी दोन प्रश्न लेखी विचारा. लिफ्ट आहे का? जुन्या इमारतींतल्या बऱ्याच छोट्या हॉटेलांत ती नसते आणि खोली चौथ्या मजल्यावर निघते. दुसरा, एका खोलीत दोन मोठे आणि दोन मुलं चालतात का? स्वयंपाकघर असलेलं घर मिळालं तर उत्तमच. सकाळी उपमा आणि रात्री वरणभात मिळाला की आजी आणि नात दोघी खूश.

तिथलं सॉकेट तीन चौकोनी खिळ्यांचं असतं, आपली पिन त्यात बसत नाही. दोन अडॅप्टर इथूनच घेऊन जा.

४. फिरण्याचं कार्ड

मेट्रो आणि बससाठी कागदी तिकीट काढत बसू नका. टॅप करता येणारं बँकेचं कार्ड, परकीय चलनाचं कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड (लंडनच्या प्रवासासाठी आधी पैसे भरून वापरायचं कार्ड), यांपैकी काहीही चालतं. दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत, त्यामुळे कितीदा चढलो-उतरलो याची चिंता नसते. पण नियम पक्के लक्षात ठेवा:

- एका कार्डावर एकच माणूस. पहिल्या दिवशी आम्ही एकाच कार्डावर दोघं जायला निघालो आणि फाटक उघडेना.
- मेट्रोत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टॅप. बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत.
- सकाळी कार्डाने आत आणि बाहेर पडताना फोनने, असं करू नका. कार्ड तेच असलं तरी यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दोन अर्धवट प्रवासांचे जास्तीत जास्त पैसे कापले जातात.
- पहिल्या बसमध्ये चढताना टॅप केल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर पुन्हा पैसे लागत नाहीत.

अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर मेट्रोत आणि बसमध्ये फुकट. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी ऑयस्टर कार्ड घेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत भरून घ्यायची. दोन आठवड्यांपर्यंत अर्ध्या दराने प्रवास होतो. हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. थोरल्यासाठी आम्ही ते विमानतळाच्या स्टेशनवरच करून घेतलं.

हीथ्रोहून शहरात यायला पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त, पण सामान असेल तर वाटेतल्या बऱ्याच स्टेशनांवर जिने चढावे लागतात. एलिझाबेथ लाइन महाग, पण तिच्या प्रत्येक स्टेशनवर लिफ्ट किंवा उतार आहे. सासूबाईंचे गुडघे आणि चार बॅगा पाहून आम्ही तीच घेतली. मेट्रोच्या नकाशावर चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असलेली स्टेशनं आधीच खुणा करून ठेवा. वयस्कर माणूस सोबत असेल तर शक्य तिथे बसच बरी. वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसलं की मुलांना तीच सहल वाटते आणि आजी खाली दाराजवळच्या राखीव आसनावर निवांत.

५. कशाला पैसे मोजायचे

लंडनची मोठी राष्ट्रीय संग्रहालयं फुकट आहेत: ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅशनल गॅलरी, ग्रीनिचचं सागरी संग्रहालय. फुकट असली तरी काही ठिकाणी वेळेचं तिकीट ऑनलाइन घेतलं तर रांग वाचते. टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबी, सेंट पॉल कॅथीड्रल आणि लंडन आय यांना भरपूर पैसे पडतात. आम्ही त्यांपैकी दोनच निवडली आणि चुकल्यासारखं वाटलं नाही.

सगळी ठिकाणं एकाच पासात दाखवणाऱ्या योजना विकल्या जातात. त्यांचे पैसे वसूल व्हायला दिवसाला तीन-चार सशुल्क ठिकाणं करावी लागतात, म्हणजे पुन्हा आमच्या पहिल्या तीन दिवसांसारखी धावपळ. मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर असा पास घेऊ नका.

उंचावरून शहर पाहायचं असेल तर लंडन आयऐवजी स्काय गार्डनचा विचार करा. पस्तिसाव्या मजल्यावर काचेखाली फुलवलेली बाग, प्रवेश मोफत. मात्र तिकिटं सुमारे तीन आठवडे आधी ऑनलाइन खुली होतात आणि लगेच संपतात. फोनवर गजर लावून ठेवा.

६. टॉवर ऑफ लंडन: अर्धा दिवस द्याच

पैसे मोजून एकच ऐतिहासिक ठिकाण पाहायचं असेल तर हे पाहा. विल्यम राजाने अकराव्या शतकात मधला पांढरा बुरूज बांधायला घेतला. पुढे हा किल्ला राजवाडा, तुरुंग, टाकसाळ आणि खजिना, सगळंच झाला. गड-किल्ले पाहिलेल्या आपल्या मुलांना इथे बोलायला भरपूर मिळतं. तट, खंदक, चोरवाटा, बुरजावरचे पहारे यांची तुलना थोरला सतत रायगडाशी करत होता.

दार उघडायच्या वेळेला पोचा आणि आत शिरताच सरळ मुकुटांच्या दालनाकडे जा. अकरानंतर तिथे लांब रांग लागते. आत फोटो काढता येत नाहीत. मुकुटांसमोरून सरकता पट्टा जातो. एकदा गेलात की मागे वळून पुन्हा त्यावर उभे राहा, कोणी अडवत नाही.

कोहिनूर आहे तो राणी एलिझाबेथ यांच्या आईसाठी बनवलेल्या मुकुटात. वजन १०५.६ कॅरेट. १८४९ साली पंजाब खालसा झाला, तेव्हा लाहोरच्या तहाने हा हिरा दहा वर्षांच्या महाराजा दुलीप सिंगांकडून इंग्रजांनी घेतला. "दहा वर्षांचा? म्हणजे माझ्यापेक्षा लहान," असं थोरला म्हणाला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. मुलांना ही गोष्ट आदल्या रात्री सांगून ठेवा. नाहीतर तो काचेमागचा आणखी एक चमकणारा खडा एवढंच होऊन बसतं.

बाहेर आल्यावर लाल-निळ्या पोशाखातले रक्षक फेरी घडवतात, ती तिकिटातच येते. इंग्रजी भरभर असतं, पण मोठी मुलं रमतात. धाकटीला कावळे आवडले. हे आपल्याकडच्या कावळ्यांपेक्षा बरेच मोठे डोमकावळे. ते किल्ला सोडून गेले तर राज्य कोसळेल अशी समजूत आहे, म्हणून किमान सहा कावळे कायम पाळलेले असतात. हात पुढे करू नका, चोच जोरात लागते.

आजी-आजोबांसाठी: जमीन दगडी आणि उंचसखल आहे, पांढऱ्या बुरजातला गोल जिना अरुंद आहे. सासूबाईंनी मुकुट आणि कावळे पाहिले आणि बुरूज आम्ही चढलो तेवढा वेळ त्या हिरवळीजवळच्या बाकावर बसल्या.

दुपारी शेजारचा टॉवर ब्रिज. १८९४ साली खुला झालेला हा पूल मोठ्या जहाजांसाठी आजही मधून उघडतो. कधी उघडणार त्याच्या वेळा संकेतस्थळावर आधी जाहीर होतात. त्या वेळेला काठावर उभे राहा, त्याला तिकीट नाही.

अंगात जोर उरला असेल तर दहा-बारा मिनिटांवर 'मॉन्युमेंट' हा उंच खांब आहे. १६६६ च्या लंडनच्या आगीची आठवण म्हणून उभारलेला, आत ३११ पायऱ्या. त्याची उंची २०२ फूट, आणि आग लागलेल्या बेकरीपासून त्याचं अंतरही तेवढंच. मुलांना साल लक्षात राहावं म्हणून मी सांगितलं, शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते याच वर्षी.

७. साउथ केन्सिंग्टन: तीन संग्रहालयं, एकच दिवस नाही

नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही तिन्ही एकमेकांना लागून आहेत, म्हणून तिन्ही एका दिवसात उरकायचा मोह होतो. दोन करा.

नॅचरल हिस्टरीच्या मुख्य दालनात छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, लांबी २५ मीटरहून जास्त. धाकटी जमिनीवर उताणी झोपून तो पाहत राहिली, आणि तिथे कोणी काही म्हणत नाही. डायनासोरच्या दालनाची रांग दुपारी दाराबाहेर जाते, तिथे सकाळी पहिल्यांदा जा. मुख्य दारावर गर्दी दिसली तर एक्झिबिशन रोडवरच्या दारातून शिरा.

सायन्स म्युझियममध्ये चंद्राला फेरी मारून आलेलं अपोलो १० यान खरंखुरं ठेवलेलं आहे. १९६९ च्या त्या प्रवासाचे भाजल्याचे डाग त्याच्या अंगावर दिसतात.

आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्टविषयी एक महत्त्वाची गोष्ट. "शिवाजी महाराजांची वाघनखं तिथे आहेत, ती पाहून या," असं आम्हाला निघताना चार जणांनी सांगितलं. या संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली गेली आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडून ती इंग्लंडला पोचली. अफजलखानाच्या वेळी वापरली ती हीच, याचा पुरावा नसल्याचं संग्रहालय स्वतःच सांगतं. केवळ त्यांच्यासाठी तिथे जाणार असाल तर ती सध्या कुठे आहेत ते आधी पाहा. टिपू सुलतानाचा लाकडी वाघही याच संग्रहालयाचा. इंग्रज शिपायावर झेपावलेला वाघ आणि त्याच्या पोटात वाद्य. इथेही दालनं दुरुस्तीसाठी बंद असतात, म्हणून निघण्याआधी खात्री करा.

८. वेस्टमिन्स्टर: सकाळी लवकर, पायी

बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, मनोऱ्याचं नाव एलिझाबेथ टॉवर. फोटोसाठी सकाळी आठला जा, पूल रिकामा असतो. वेस्टमिन्स्टर ॲबीत १०६६ पासून राज्याभिषेक होत आले आहेत. न्यूटन आणि डार्विन तिथेच चिरविश्रांती घेत आहेत, आणि २०१८ पासून स्टीफन हॉकिंग यांच्या अस्थीही. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो.

बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहारेबदल पाहायला तासभर आधी जाऊन उभं राहावं लागतं आणि लहान मुलांना समोरच्या पाठींखेरीज काही दिसत नाही. तो रोज होतोच असंही नाही. त्यापेक्षा हॉर्स गार्ड्सला सकाळी अकराचा घोडेस्वारांचा पहारेबदल पाहा, रविवारी तो दहाला असतो. गर्दी कमी आणि घोडे हातभर अंतरावर. तिथून सेंट जेम्स पार्कमध्ये जा. तळ्यात पेलिकन आहेत. रशियाच्या वकिलाने १६६४ मध्ये भेट दिलेल्या पक्ष्यांपासून ही परंपरा सुरू झाली. डबा तिथेच उघडा.

९. ग्रीनिच: आपलं साडेपाच तासांचं गणित

जाताना थेम्समधल्या बोटीने आणि येताना चालक नसलेल्या डीएलआर गाडीने या. पहिल्या डब्यात अगदी पुढे बसलं की गाडी आपणच चालवतोय असं मुलांना वाटतं. बोटीचं भाडं मेट्रोच्या दैनिक मर्यादेत धरलं जात नाही, एवढं लक्षात असू द्या.

टेकडीवर १६७५ साली स्थापन झालेली वेधशाळा आहे आणि तिच्या अंगणातून शून्य रेखांश जातो. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. साडेब्याऐंशी भागिले पंधरा, म्हणजे साडेपाच. थोरल्याने हा भागाकार त्या रेषेवर उभं राहून केला. (उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणून तेव्हा फरक साडेचार तासांचा. घरी फोन करताना ध्यानात ठेवा.) वेधशाळेला तिकीट आहे आणि नूतनीकरणामुळे काही भाग बंद असू शकतो. चढ दमवणारा आहे. आजी-आजोबांना खाली सागरी संग्रहालयात बसवता येतं, ते फुकट आहे. जवळच 'कटी सार्क' हे १८६९ चं चहा वाहून नेणारं जहाज उभं आहे, त्यावर चढता येतं.

काठावर गोल घुमटाची एक छोटी इमारत दिसेल. तिच्यात उतरून नदीच्या खालून पायी पलीकडे जाता येतं. १९०२ चा हा बोगदा सुमारे ३७० मीटर लांब आहे आणि त्याला तिकीट नाही. लिफ्ट बंद असेल तर जिना मोठा आहे, हे आधी पाहून घ्या.

१०. टिळकांच्या दारापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत

हा दिवस मी स्वतः जुळवला आणि तोच आम्हा पाचही जणांचा सगळ्यात आवडता ठरला.

वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनवर उतरा. पाच-सात मिनिटांवर १०, हाउली प्लेस हे घर आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकारावर त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता आणि त्यासाठी ते आले होते. दावा ते हरले. भिंतीवर निळा गोल फलक आहे. घर खासगी आहे, म्हणून रस्त्यावरूनच पाहा, घंटी वाजवू नका, फाटकात शिरू नका. सासूबाई चपला काढून हात जोडून उभ्या राहिल्या. मलाही तेव्हा भरून आलं.

तिथून दोन पावलांवर 'लिटल व्हेनिस', म्हणजे कालव्यांचा संगम आणि रंगवलेल्या लांबट बोटी. इथून कॅम्डनपर्यंत प्रवासी बोट जाते, साधारण पाऊण-एक तास. थंडीत फेऱ्या कमी असतात. वाटेत एक अंधारा बोगदा लागतो आणि पुढे प्राणिसंग्रहालयाच्या मधोमध बोट जाते. चालायचं असेल तर काठाने चारेक किलोमीटर.

कॅम्डनला उतरून चॉक फार्म स्टेशनच्या दिशेने चाला. रेल्वेचा पूल ओलांडला की १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं होतं. पैसे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा आले आणि अभ्यास पुरा केला. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि आता ते स्मारक आहे. प्रवेश मोफत आहे. उघडण्याचे दिवस आणि वेळा आधी पाहून या. मुलांना इथे घाई करू नका. आम्ही तासभर थांबलो.

शेवटी शेजारच्या प्रिमरोज हिलवर चढून गवतात बसा. अख्खं लंडन समोर दिसतं.

स्वातंत्र्यवीर सावरकर राहत होते ते 'इंडिया हाउस' म्हणजे ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, हायगेटमध्ये आहे. श्यामजी कृष्ण वर्मांनी ते १९०५ मध्ये सुरू केलं. तिथेही फलक आहे आणि घर खासगी आहे. ते या वाटेवर पडत नाही, त्याला वेगळी दुपार ठेवा.

११. खाणं

सामानात काय नेऊ नये, हे आधी. भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, गुलाबजाम नाही. कढीपत्ता आणि आंबेही ठेवून जा. चिवडा, चकली, भाकरवडी, लाडवासाठी भाजलेलं पीठ, मेतकूट, लोणचं यांनी आमचे आठ दिवस निघाले. तूप तिथल्या दुकानात सहज मिळतं.

शाकाहारी असाल तर पाकिटावर तसं लिहिलेलं पाहूनच घ्या. मुलांच्या जेलीच्या गोळ्यांत बहुतेक वेळा प्राणिज जिलेटिन असतं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या घरून न्या आणि भरत राहा. युस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर डोसा आणि भेळ मिळते, वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती थाळी. मुक्कामात गणपती असतील तर डॉलिस हिल लेनवरच्या महाराष्ट्र मंडळाची चौकशी करा. हे मंडळ १९३२ पासून आहे.

१२. फसगत टाळा

- रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर नकाशा पाहू नका. सायकलवरून येऊन फोन हिसकावून नेतात. भिंतीकडे सरका, मग पाहा.
- वेस्टमिन्स्टरच्या पुलावर तीन वाट्या आणि एक गोळी असा खेळ चालतो. आजूबाजूला जिंकणारे सगळे त्यांचेच असतात.
- दिव्यांनी सजवलेल्या सायकलरिक्षात बसण्याआधी पूर्ण भाडं ठरवा, प्रत्येक माणसाचं की सगळ्यांचं तेही.
- तिकिटं शोधताना सगळ्यात वर दिसणारी जाहिरात अधिकृत असतेच असं नाही. पत्ता नीट वाचा.
- खरेदीवरचा कर विमानतळावर परत मिळतो हे जुनं झालं. २०२१ पासून ती सोय बंद आहे.
- आरोग्य विमा काढाच. जिवावरचं असेल तर ९९९, साध्या दुखण्याच्या सल्ल्यासाठी १११.
- स्वच्छतागृहाची अडचण आली तर जवळचं संग्रहालय किंवा मोठं रेल्वे स्टेशन गाठा, तिथे पैसे लागत नाहीत.

परतीच्या दिवशी विमान रात्रीचं असेल तर सामान हॉटेलवाल्यांकडे ठेवता येतं, आदल्या दिवशी विचारून घ्या. आम्ही दुपारीच बॅगा घेऊन निघालो आणि वाटेत हाउन्स्लोला उतरलो. हीथ्रो तिथून थोड्याच स्टेशनांवर आहे आणि वडापावही मिळतो. धाकटीने दोन खाल्ले.